किटोमा तळ्याच्या गाळाचा दाखला

वजनदार माणूस नेहमी वर तरंगतो आणि जड धातू नेहमी तळाला जातो, हा सृष्टीचा नियम आहे. कंपाला शहराच्या किटोमा तळ्यावर त्याचे दोन्ही भाग कसोशीने पाळले जातात. वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडणारे, त्यांच्याखाली गॅरेजं, त्यांच्याखाली रंगाचे कारखाने. सगळ्यांचं शिसं आणि कॅडमियम नाल्यातून येतं आणि कुणालाही त्रास न देता गाळात जाऊन बसतं. (इतकी शिस्त आमच्या शहरात दुसऱ्या कुणाला नाही. मोटारसायकलवाल्यांना तर नाहीच नाही.)

तलाव मंडळ फक्त पाणी तपासतं, आणि पाणी स्वच्छ आहे. अकरा वर्षांत चार हजार पंधरा नमुने, सगळे उत्तीर्ण. चार हजार सोळाव्या खेपेला मात्र नमुना अधिकारी लुबवामा यांच्या होडीचा नांगर काळा गाळ घेऊन वर आला आणि त्यांनी तोच बाटलीत भरला. लुबवामांना सगळे सालोंगो म्हणत, म्हणजे जुळ्यांचा बाप. (हा मान आमच्याकडे बढतीपेक्षा मोठा, आणि तो साहेबांच्या मागे लागून मिळत नाही.) प्रयोगशाळेने शिशाचा आकडा पाठवला. आकडा पाहून सालोंगोंना घाम फुटला.

नेमका तेव्हाच मंडळाने होड्यांच्या शर्यतीसाठी गाळ उपसून काठावर ढीग घातला होता. तो लोकांना फुकट वाटायचा, तर दाखला हवा.

"सालोंगो, गाळात शिसं किती असावं, हे कायद्यात कुठं लिहिलंय?" अध्यक्षांनी विचारलं.

"कुठंच नाही, साहेब."

"मर्यादाच नाही, तर ओलांडली कशी म्हणता?"

"तसं म्हणता नाही येत."

"मग लिहा की तसं!"

सालोंगोंनी शिशाच्या आकड्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. पण ते जन्मात खोटं न लिहिलेले अधिकारी होते, आणि हे वाक्य तर खरंच होतं. 'सदर गाळाने कोणत्याही मर्यादेचे उल्लंघन केल्याचे आढळून आलेले नाही.' खाली सही, शिक्का.

गाळाची विल्हेवाट अशी लागली: वीटभट्ट्या चाळीस टक्के, अळूचे वाफे पस्तीस, रस्त्यातले खड्डे वीस, किरकोळ पाच.

किरकोळ म्हणजे काय, ते सालोंगोंना तीन महिन्यांनी एका रविवारी समजलं. जुळ्यांतली धाकटी नाकातो आठव्या महिन्यात माहेरी आली होती. पोट सांभाळत तिनं गुडघे टेकून बापाला नमस्कार केला, आणि मग वाटीत मुंब्वा उगाळायला बसली. मातीत झाडपाला मळून वाळवलेली ही कांडी आमच्याकडची गरोदर बाई रोज पाण्यातून घेते. तिच्या आईनं घेतली, आजीनं घेतली.

"काळी कशी गं ही?"

"नालुबेगा मावशी कांड्या करून विकते ना, तिच्याकडची आहे, बाबा. तळ्याची माती. काय मऊ आहे! दोन महिने हीच घेतेय."

सालोंगोंचा घास हातातच राहिला. "टाकून दे ती."

"अहो, टाकू काय? बाजारातली माती कुठली असते देव जाणे. हिला दाखला आहे!" तिनं कांडीभोवतीचा कागद उलगडला. झेरॉक्स प्रत होती, पण सही ठसठशीत. "तुमची सही बघूनच तर घेतली. माझा बाप खोटं लिहीत नाही म्हटलं."

"खोटं नाही लिहिलं गं," सालोंगो म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. रडतच त्यांनी शिशाचा आकडा सांगितला. नाकातोनं वाटी दूर सारली, पोटावर हात ठेवला.

"मग आता याचं काय, बाबा?"

सोमवारी सालोंगोंनी अर्ज केला: दाखला रद्द करावा, मुंब्वा घेतलेल्या सगळ्या बायकांचं रक्त तपासावं, त्यांच्या बाळांची काळजी घ्यावी. मंडळाने विक्रमी वेगाने, म्हणजे सात आठवड्यांत उत्तर दिलं. गाळ तळ्याबाहेर पडल्यामुळे तो आता मंडळाच्या अखत्यारीत नाही. पोटातले मूल शहराचे नोंदणीकृत रहिवासी नाही. जन्मल्यावर त्याने स्वतंत्र अर्ज करावा. (मूल तोवर तीन आठवड्यांचं झालं होतं. वजन कमी होतं आणि ते फारसं रडत नव्हतं.)

वाचकहो, सालोंगोंचा राग आला ना? यायलाच हवा. उद्या सकाळी आपल्या गावच्या तळ्याला फेऱ्या मारायला जाल, तेव्हा फाटकावर लावलेला पाण्याचा दाखला जरा थांबून वाचा. गाळाबद्दल त्यात काही नसेल. तुम्ही कधी विचारलंच नाहीत. बाकी त्यात एक अक्षरही खोटं नसेल.