आईच्या खाटेवरून गेलेला कर्ण

क्षेत्रफळाच्या बाबतीत माझा हात धरणारा मास्तर अजून जन्माला यायचा आहे! सातवीची पोरं झोपेतसुद्धा माझ्याच आवाजात म्हणतात, "त्रिकोणाचं क्षेत्रफळ बरोबर एक छेद दोन, गुणिले पाया, गुणिले उंची!" त्यामुळे बाबा गेल्यावर दादाने आणि मी घराचे दोन भाग करायचं ठरवलं, तेव्हा मोजणी कोणाकडे येणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

खोल्या वाटून झाल्या होत्या. चुली तर वहिनीने आणि आमच्या हिने केव्हाच वेगळ्या मांडल्या होत्या. उरला हॉल, आणि हॉलच्या मधोमध, पंख्याखाली, आईची खाट. आईचं मागणं एवढंच होतं, "काय भिंती घालायच्या त्या घाला. मला तेवढं पंख्याखाली पडू द्या, म्हणजे झालं."

"अगं, तुझंच घर आहे!" आम्ही दोघं एका सुरात म्हणालो.

सुतार म्हणाला, "प्लायवूडची आडवी भिंत टाकतो, विषय संपला." पण आडवी टाकली तर दोन्ही खिडक्या दादाकडे! उभी टाकली तर दोघांच्याही नशिबी बोळ! मी खडू घेतला आणि या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढली. कर्ण! दोन एकरूप त्रिकोण, प्रत्येकाला एक खिडकी, भांडणाला जागाच नाही. सुतार माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, कौतुकाने.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी मास्तर कसला! दादाच्या मनात किंतु राहू नये म्हणून मी सातवीचा अख्खा वर्ग मेजरटेपसकट घरी आणला. उपक्रमाचा उपक्रम, आणि वर निःपक्षपाती साक्षीदार! मुलांनी दादाचा त्रिकोण मोजायचा, मुलींनी माझा. पोरं खाटेखालून सरपटली, खाटेवर चढली. एकाने तर टेपचं टोक आईच्याच हातात दिलं. "आजी, हलू नका हं!" आई बिचारी हलली नाही.

आणि पहिल्या बाकावरची मुलगी ठणठणीत आवाजात ओरडली, "सर, तुमच्याकडे दादांच्या दुप्पट जागा आहे!"

"अर्धं करायचं राहिलंय गं, अर्धं!" मी किंचाळलो.

"ऐकलंत?" वहिनी दारातून म्हणाली. "लहान मुलं खोटं बोलत नाहीत."

"दादा, ती सूत्रातलं एक छेद दोन विसरली!"

"मग कर की अर्धं! अर्धं तू ठेव, अर्धं मला दे!"

"अरे, अर्धं केलं की दोघांचं सारखंच येतं!"

"तेच म्हणतोय मी. कर!"

अख्ख्या वर्गाच्या डोक्यात जे भरलं, ते एका भावाच्या डोक्यात भरता येईना. शेवटी दादाचा आवाज एकदम खाली आला. "तू शिकावंस म्हणून मी दुकानात बसलो," तो म्हणाला. "आणि ते शिकलेलं माझ्यावरच चालवतोस?" मला ते फार लागलं. पोरांनी मात्र तेही वहीत उतरवून घेतलं!

भिंत उभी राहिली, आणि पुस्तकात न लिहिलेली एक गोष्ट मला कळली. त्रिकोणाच्या निमुळत्या कोपऱ्यात काहीही बसत नाही! कपाट नाही, टेबल नाही. दोन्ही घरांच्या कोपऱ्यांत एकेक झाडू तेवढा उभा राहिला. आणि खाट? कर्ण नेमका तिच्यावरूनच जात होता. सुताराने खाटेपुरती फट सोडली. आईचं डोकं दादाच्या घरात, पाय माझ्या घरात!

"तोंड तुमच्याकडे, म्हणजे चहा-जेवण तुमच्याकडून," आमची ही फटीतून म्हणाली. वहिनीने दुपारीच खाट फिरवली. हिने दुसऱ्या दिवशी परत फिरवली. तीही आई वर झोपलेली असताना! "एका दिशेला झोपू तरी द्या गं," आई म्हणायची. पुढे पुढे तेही म्हणेनाशी झाली. एकदा खाट इतक्या वेळा फिरली, की तोंड पलीकडेच आहे असं दोघींनाही वाटलं. आई दिवसभर उपाशी राहिली, आणि आम्हाला कोणालाच पत्ता नाही.

हे कळल्यावर ताई आली. ताई म्हणजे आमची थोरली बहीण. एका खोलीत चार माणसांचा संसार करते. आल्या आल्या तिने आईचे कपडे पिशवीत भरले आणि खाट टेम्पोत चढवली.

"तिथे जागा पुरेल का?" मी विचारलं.

"मोजली नाहीये," ताई म्हणाली.

टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला. फटीच्या पलीकडे दादा उभा होता. त्याचे डोळे भरले होते, माझेही. मला वाटलं, आता हा म्हणणार, ही भिंत पाडू या. मीसुद्धा हो म्हणालो असतो.

दादाने घसा खाकरला. "खाटेची जागा मोकळी झाली. तिचं काय करायचं?"

तुम्हाला म्हणून सांगतो, मला त्याचा संताप यायला हवा होता! पण ती जागा मी आधीच मोजून ठेवली होती. आयतच तो, पटकन झालं.