मास्तरांच्या चाळीस खोळी

"मला कापड ओळखायला शिकवू नकोस, आणि माणसं ओळखायला तर नकोसच नको!" असं मास्तरांनी बायकोला ठणकावून सांगितलं, तेव्हा त्यांच्या गळ्यात टेप होती, कानावर पेन्सिल होती आणि पुढ्यात पंचवीस वर्षांची कात्रणं पसरली होती.

मास्तर म्हणजे कपडे शिवणारे मास्तर. रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांचं एका खिडकीचं दुकान आणि त्याच्या मागे राहायच्या दोन खोल्या. दुकानाला पंचवीस वर्षं पुरी होत होती म्हणून त्यांनी चाळीस जुन्या गिऱ्हाइकांना भेट द्यायचं ठरवलं होतं. भेट म्हणजे किल्ल्यांसाठी कापडी खोळ. तळहाताएवढी, दोन्ही बाजूंना झकास कापड, मध्ये जाड अस्तर, आत किल्ल्यांची कडी आणि वर टिचबटण. किल्ल्या आत सारायच्या, बटण दाबायचं, संपलं.

आता मास्तरांना एकाएकी एवढा उमाळा का आला, हे विचाराल तर त्याला कारण होतं. समोरच रेडिमेड कपड्यांचं भलंमोठं दुकान निघालं होतं. जवळच्या शाळेत यंदा दीडशे मुलांचे गणवेश शिवायचे होते आणि ते काम मास्तरांना द्यायचं की समोरच्याला, हे पालकसभेत ठरणार होतं. काम मिळालं तर मास्तरांचं दुकान तगणार होतं. नाही मिळालं तर शटर ओढून समोरच्याच दुकानात दुसऱ्यांच्या पँटी आखूड करत बसायची पाळी येणार होती. ही भीती मास्तर बायकोलाही सांगत नसत, पण झोपेत ती त्यांच्या तोंडून यायची, त्यामुळे बायकोला ती तोंडपाठ होती.

आणि मास्तरांची गिऱ्हाइकं म्हणजेच शाळेतल्या मुलांच्या आया. त्यांच्या हातात एकेक खोळ पडली की त्या मास्तरांच्या बाजूने बोलणार, इतकं ते सरळ होतं.

राहता राहिला प्रश्न कात्रणांचा. तो जरा नाजूक होता. पंचवीस वर्षं मास्तर दर गिऱ्हाइकाला एकच वाक्य सांगत आले होते. "ताई, कापड पुरलं नाही हो. कसंबसं बसवलं. बाही जरा आखूड झालीय, पण तुम्हाला शोभते." आणि ताई आरशात बघून, शोभत असेल बुवा, असं म्हणून जायच्या. न पुरलेलं कापड मात्र मास्तरांच्या पलंगाखालच्या तीन ट्रंकांत पुरून उरलं होतं. याला चोरी म्हटलेलं मास्तरांना अजिबात खपलं नसतं. त्यांच्या मते कपडा शिवून झाल्यावर जे राहतं ते कात्रण, आणि कात्रण हे कात्रीचं. मग त्या कात्रणातून एखादं झबलं निघत असलं तरी ते कात्रणच.

बायकोचं म्हणणं असं होतं की ज्यांचं कापड त्यांनाच ते भेट म्हणून द्यायचं, हे काही बरं दिसत नाही, आणि बायका आपलं कापड दहा वर्षांनीसुद्धा ओळखतात.

"अगं, इतका का मी दूधखुळा आहे?" मास्तर म्हणाले आणि त्यांनी वही काढली. वहीत चाळीस नावं होती आणि प्रत्येक नावापुढे कापड लिहिलेलं होतं. डॉक्टरीणबाईंचं समुद्री हिरवं रेशीम पोस्टातल्या काकूंना. पोस्टातल्या काकूंची चौकड्यांची लोकर फोटोवाल्याच्या सुनेला. फोटोवाल्याच्या सुनेचं जांभळ्या फुलांचं कापड डॉक्टरीणबाईंना. कुणालाही स्वतःचं कापड मिळणार नव्हतं. एका दगडात चाळीस पक्षी मारल्यासारखे मास्तर बायकोकडे बघून हसले. बायकोने सुईत दोरा ओवला आणि टिचबटणं लावायला घेतली, कारण पंचवीस वर्षांत तिला एवढं कळलं होतं की मास्तरांनी वहीत लिहिलं की ते बदलत नाही.

दोघांनी मिळून बारा दिवसांत चाळीस खोळी केल्या. आणि खरं सांगायचं तर फार सुरेख केल्या. टीप इतकी सरळ की फूटपट्टीने मारली असावी. मास्तरांनी त्या घरोघरी नेऊन दिल्या. पोस्टातल्या काकूंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि एवढं उंची कापड आपल्यासाठी, म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरीणबाईंनी तर समोरच्या रेडिमेडवाल्याला असली माणुसकी सुचली असती का, असं विचारलं. मास्तर घरी आले ते छाती पुढे काढूनच.

पालकसभा शनिवारी दुपारी होती. शाळेच्या मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. अंगाने त्या चिमणीएवढ्या होत्या, पण त्यांनी चष्म्यावरून नुसतं बघितलं तरी समोरचा माणूस शर्टाचं वरचं बटण लावून घ्यायचा. त्यांना सभेत एका गोष्टीचा भारी राग. बायका बोलता बोलता किल्ल्या खुळखुळवत बसतात त्याचा. त्यामुळे आत येणाऱ्या प्रत्येकीने आपल्या किल्ल्या समोरच्या लांब टेबलावर ठेवायच्या आणि मग बाकावर बसायचं, असा त्यांचा कडक नियम होता. मास्तरांची स्वतःची मुलं कधीच शाळेतून बाहेर पडली होती, त्यामुळे हा नियम त्यांच्या कानावर आलाच नव्हता.

पालकसभेला नेहमीप्रमाणे आयाच आल्या होत्या. बावीस आया आल्या आणि बावीस खोळी टेबलावर एका ओळीत मांडल्या गेल्या. मास्तरांना आपलं म्हणणं मांडायचं असल्यामुळे टेबलाशेजारीच खुर्ची दिली होती. ओळ बघून आधी त्यांना भरून आलं. हिरवी, जांभळी, चौकड्यांची, ठिपक्यांची, काय दिसत होत्या! मग त्यांच्या लक्षात आलं की सगळ्यांचं कापड एकाच टेबलावर, एकाच ओळीत आलंय. माणूस आपल्या हातातलं निरखून बघत नाही हे मास्तरांना माहीत होतं. दुसऱ्याच्या हातातलं मात्र तो डोळ्यांत तेल घालून बघतो, हे वहीत लिहायचं राहून गेलं होतं.

डॉक्टरीणबाई आपली खोळ ठेवायला वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या. शेजारीच काकूंची हिरवी खोळ होती आणि बाईंच्या अंगात त्याच समुद्री हिरव्या रेशमाचा ड्रेस होता. त्यांनी पोस्टातल्या काकूंना अगदी गोड आवाजात विचारलं की हे कापड कुठे मिळालं, कारण दुकानदाराने तर शपथेवर सांगितलं होतं की असा तुकडा एकच आहे. काकूंना वाटलं, एवढं उंची कापड आपल्याला कुठलं परवडणार, असं बाईंना सुचवायचंय. त्या फणकारल्या की आम्हालाही माणसं भेट देतात म्हटलं. मग डॉक्टरीणबाईंनी त्या दुकानदाराला लबाड ठरवलं, काकूंनी डॉक्टरीणबाईंना आढ्यतेखोर ठरवलं, आणि मास्तरांना क्षणभर वाटलं की निभावलं बुवा.

तेवढ्यात फोटोवाल्याच्या सुनेने डॉक्टरीणबाईंच्या हाताखालची जांभळी खोळ पाहिली. "अगंबाई, हे तर माझं! याचेच खिसे बसले नव्हते ना मास्तर?"

मग काय विचारता! सगळ्या जणी बाकांवरून उठल्या आणि टेबलाभोवती गोळा झाल्या. जिला तिला आपलं कापड दुसरीच्या किल्ल्यांवर दिसायला लागलं. माझी कॉलर, माझा पट्टा, माझ्या गाऊनची झालर. मग कुणीतरी स्वतःच्या हाताकडे बघितलं, आणि मग सगळ्यांनीच बघितलं. खोलीत बावीस आया होत्या, म्हणजे चव्वेचाळीस बाह्या, आणि त्यांतली एकही कोपराच्या खाली आली नव्हती. इतकी वर्षं या भागात आखूड बाहीची फॅशन आहे, असं सगळे समजत होते. समोरच्या रेडिमेडवाल्याने तर इथल्या लोकांची आवड म्हणून आखूड बाह्यांचाच माल भरला होता.

"ते कात्रण होतं हो, नुसतं कात्रण," मास्तर म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

"कात्रण किती ते बघूच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी आपला हात टेबलावर आडवा ठेवला आणि हिरव्या रेशमाच्या सगळ्या खोळी मागवल्या. सात निघाल्या. काकू आणि फोटोवाल्याची सून त्या एकेक करून बाहीच्या टोकापासून पुढे मांडायला लागल्या. एक, दोन, तीन. पाच खोळींत मनगट आलं आणि दोन हातात राहिल्या.

इथे मास्तरांनी गप्प बसायला हवं होतं. कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. पण चौथी खोळ आडवी लागली होती, रेशमाचा उभा धागा भलतीकडे जात होता, आणि जन्मभर कापड बेतलेल्या माणसाला ते बघवेना.

"काकू, ती चौथी फिरवा," मास्तर म्हणाले. "तो कोपराखालचा तुकडा आहे. तसा नाही, असा लागतो."

मास्तरांनी स्वतःच्या हाताने ती खोळ फिरवली, नीट बसवली, आणि मग आपण काय केलं ते त्यांना समजलं. कान लालबुंद झाले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गणवेश गेले, दुकान गेलं, आणि आता या बावीस जणींसमोरून दारापर्यंत चालत कसं जायचं, एवढाच विचार डोक्यात राहिला.

मोठ्या बाई उठल्या आणि फळ्यापाशी गेल्या.

"मास्तर, या ड्रेसला कापड किती दिलं होतं?"

"अडीच मीटर," मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले.

"उरवलंत किती? खरं सांगा."

"पाऊण मीटर."

बाईंनी डॉक्टरीणबाईंना विचारलं की ड्रेस अंगाला कसा बसतो. बाही सोडली तर अंगाबरोबर बेतल्यासारखा बसतो, हे डॉक्टरीणबाईंना नाइलाजाने कबूल करावं लागलं. कुठे ओढत नाही? नाही. उसवला कधी? सहा वर्षांत नाही. बाईंनी फळ्यावर अडीचाला पावणेदोन तर दोनाला किती, असं गणित मांडलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि खडू ठेवला.

"समोरचे गृहस्थ एका गणवेशाला दोन मीटरचे पैसे लावतात आणि त्यांचा कपडा पहिल्या धुण्यात आटतो," त्या म्हणाल्या. "हे मास्तर दोन मीटरचं काम एक मीटर चाळीसमध्ये करतात, हे आपण सगळ्यांनी आत्ता डोळ्यांनी पाहिलंय. मी यांना एक मीटर चाळीसप्रमाणेच कापड देईन. बाह्या पूर्ण हव्यात. काम मास्तरांना."

बायकांना आधी राग आवरेना आणि मग हसू आवरेना. मास्तरांना तर खुर्ची कुठे आहे ते दिसेना. दुकान वाचलं होतं! त्यांनी मोठ्या बाईंना वाकून नमस्कार केला आणि निघाले, तेवढ्यात मागून बाईंचा आवाज आला.

"आणि मास्तर, या खोळी मला आवडल्या. आमच्या चोवीस शिक्षकांना एकेक करा. उरलेल्यात बसतील."

मास्तरांनी तोंड उघडलं. पंचवीस वर्षं त्या तोंडातून जे आपोआप बाहेर पडत आलं होतं, ते या वेळी जन्मात पहिल्यांदा खरं होतं. पण बावीस जणी हाताची घडी घालून, आखूड बाह्या पुढे करून, त्यांच्याकडे बघत उभ्या होत्या.

"बसवतो," मास्तर म्हणाले.

पुढचे पंचवीस दिवस मास्तरांनी जी कात्री चालवली, तशी उभ्या आयुष्यात चालवली नव्हती. खिशाच्या खालून पट्टा काढला, पट्ट्याच्या पोटातून कॉलर काढली. दीडशे गणवेश झाले, तीनशे बाह्या मनगटापर्यंत पोचल्या, आणि बायको झाडू घेऊन आली तर तिला केरात दोऱ्याच्या गुंतवळाशिवाय काही सापडेना. मास्तर भिंतीला टेकून बसले आणि तिला म्हणाले की कापड संपलं, खोळींना चिंधीसुद्धा उरली नाही.

बायकोने झाडू खाली ठेवला. पलंगाखाली वाकून तिन्ही ट्रंका उघडून बघितल्या. मग जवळ येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, मला तरी खरं सांगा. कुठे ठेवलंय?"

मास्तरांना रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. ट्रंकांतली जुनी कात्रणं आता कुणाला दाखवायची सोय नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी ते गपचूप बाजारातल्या कापडवाल्याकडे गेले आणि गणवेशाचंच गडद निळं कापड पदरचे पैसे घालून दोन मीटर घेऊन आले. आयुष्यात पहिल्यांदाच माणूस कात्रणं करण्यासाठी अख्खं कापड विकत आणत होता. घरी येऊन त्यांनी ते टेबलावर पसरलं आणि सवयीने टेप लावली. मग पुन्हा लावली. मग बायकोला बोलावून तिच्याकडूनही मोजून घेतलं.

चांगलं वीतभर कमी भरत होतं.

बायको खवळलीच. दिवसाढवळ्या लुबाडतात म्हणाली, लोकांच्या विश्वासाची काही चाड नाही म्हणाली, आत्ताच्या आत्ता जा आणि चार माणसांदेखत जाब विचारा त्या मेल्याला, असंही म्हणाली. मास्तर चपला घालून दारापर्यंत गेले. दारात थोडा वेळ उभे राहिले. मग परत आले, चपला काढल्या आणि कात्री उचलली.

"जाऊ दे," ते म्हणाले. "बिचाऱ्याची कात्रणं असतील."