मतदानाने घेतलेला कॉम्प्युटर

विगोला कॉम्प्युटर घ्यायचा होता, आणि आस्ताला त्याचा पत्ता लागू द्यायचा नव्हता. बावीस दिवसांनी दोघांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. त्या सकाळी नवऱ्याने उठून सगळ्यांदेखत बायकोबद्दल चार गोड शब्द बोलायचे, ही आमची रीत. विगोला ते जमणारं नव्हतं. 'तू मला आवडतेस' हे त्याने आयुष्यात एकदाच म्हटलं होतं, तेही फेरीबोटीच्या भोंग्यात बुडालं. म्हणून त्याने भाषणाऐवजी फिल्म दाखवायचं ठरवलं. त्याने व्हिडिओ कॅमेऱ्यावर घेतलेल्या जुन्या कॅसेटी लायब्ररीतल्या बाईंनी एका डिस्कवर उतरवून दिल्या होत्या. आता कापून-जोडून त्यांची फिल्म करायची, आणि गाठीला सहा हजार क्रोनर.

आमच्याकडे अशा लग्नदिवशी शेजारी दारावर हिरव्या फांद्यांची कमान बांधतात. कमानीची समिती बसलेलीच होती. विगोने तिथे विषय काढला आणि फसला. आमच्या माणसांपुढे कॉफी आली की कुठलाही प्रश्न मताला टाकल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

"प्रोसेसर दणकट घे," एबे म्हणाला. त्याचा जन्म ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात गेला होता. "इंजिन मरतुकडं असलं की बाकी सगळी शोभा."

"इंजिनाचं काय घेऊन बसलास?" शेजारची सोल्वाय कडाडली. "ग्राफिक्स कार्ड हवं चांगलं. माझ्या भाचीने स्वतः सांगितलंय."

"मेमरी!" मोन्स म्हणाला. तो शाळेच्या भटारखान्यात आचारी होता. "ओटा लहान असला तर शंभर पोरांचं जेवण करणार कुठे?"

मतदान झालं. प्रत्येकाच्या वस्तूला एकेक मत पडलं, ते ज्याचं त्याचं. कुणाला दुखवायचं नाही म्हणून तिन्ही वस्तू उत्तमातल्या उत्तम घ्यायचं एकमताने ठरलं. दुकानात समिती जातीने हजर राहिली. सहा हजार संपले तेव्हा दुकानदारीण म्हणाली, "छान. आणि मॉनिटर कुठला देऊ?"

विगोने एबेकडे पाहिलं, एबेने सोल्वायकडे, सोल्वायने छताकडे.

"त्यावर मत घ्यायचं राहिलं," विगो म्हणाला.

मग दुसऱ्या दिवशी घरातला टीव्ही मॉनिटर म्हणून परसातल्या शेडमध्ये, कॉम्प्युटरशेजारी गेला.

"दुरुस्तीला दिलाय," विगोने आस्ताला सांगितलं.

"अरे, काल तर चालत होता!"

"म्हणूनच. बंद पडायच्या आत दाखवलेला बरा."

आस्ताने त्याच्याकडे नीट पाहिलं, विणकाम उचललं आणि ती रोज संध्याकाळी टीव्ही बघायला सोल्वायकडे जाऊ लागली.

ती वाटेत ऐकेल म्हणून विगोने टीव्हीचा आवाज बंदच ठेवला. यंत्र मोठं झकास निघालं, पण कॅसेटींनी घात केला. त्यांत बहुतेक सीगल पक्षी होते, आणि तासन्तास कॅमेऱ्याचं झाकण. आस्ता होती अकरा मिनिटं. प्रत्येक वेळी ती कॅमेऱ्यापुढे हात धरायची, आणि ओठांवरून स्पष्ट कळायचं, "बंद कर रे ते!" काळ्या केसांची आस्ता, चष्मा लागलेली आस्ता, केस पिकलेली आस्ता. हात तोच.

"एवढं तर लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर फुकटात झालं असतं की!" एका दुपारी शेडमध्ये डोकावून सोल्वाय म्हणाली.

"प्रश्न तो नाहीये," विगो रडवेला झाला. "जन्मभर तिला छळलं, एवढंच दिसतंय यात. पण हे नाही दाखवलं तर मला बोलावं लागेल."

त्याला बोलण्याचीच जास्त भीती होती.

ती सकाळ उजाडली. कमानीखाली ट्रम्पेट वाजली, गाणी झाली, पाव आणि कडवट दारूचे छोटे पेले फिरले. टीव्ही 'दुरुस्त होऊन' आला होता. विगोने फिल्म सुरू केली.

"मुकी आहे का रे?" म्हणत एबेने आवाज मोठा केला.

"बंद कर रे ते!" पडद्यावरची तरुण आस्ता ओरडली आणि सगळे खो खो हसले. पाठोपाठ कॅमेऱ्यामागून एक आवाज आला, विगोचा. "राहू दे गं. किती छान दिसतेस."

पुढच्या तुकड्यात पुन्हा तेच. "बंद कर!" "थांब ना, छान दिसतेस." चष्मा लागला तेव्हाही, केस पिकले तेव्हाही. हसणं हळूहळू थांबलं. सोल्वाय रुमाल शोधू लागली. सगळ्यांत थक्क झाला होता विगो. आपण हे बोलत होतो, याचा त्याला पत्ताच नव्हता.

फिल्म संपली. सगळे आपल्याकडे बघताहेत असं वाटून तो धडपडत उठला. "मी... म्हणजे आस्ता..."

आस्ताने डोळे पुसले आणि त्याचा हात धरून त्याला खुर्चीत ओढलं.

"बस खाली," ती म्हणाली. "झालं तुझं भाषण."