श्रवणयंत्र विभागातले चाक

श्रवणयंत्र वाटप विभागाने तीन वर्षांत एकही श्रवणयंत्र वाटले नव्हते, आणि याचे हेडक्लार्कना मनापासून वाईट वाटे. सहीचा अधिकार त्यांचाच. पण एकाच्या अर्जावर सही केली की दुसरा विचारणार, माझ्या का नाही? म्हणून ते कुणाच्याच अर्जावर करत नसत. लोक खिडकीशी येऊन ओरडत. ऐकू न येणारी माणसे जरा जास्तच ओरडतात.

उपाय त्यांना आनंदमेळ्यात सापडला. तिथे एका रंगीत चाकापुढे लोक तासन् तास हरत होते आणि चाकवाल्याविरुद्ध कुणी ब्रसुद्धा काढत नव्हते. काटा बक्षिसाच्या घड्याळाच्या घराला खेटून पुढे सरकला की हरलेलाच हसून म्हणे, थोडक्यात हुकलं. टक्कल पडलेले हेडक्लार्क स्वतः चारदा हुकले, पाचव्यांदा कंगवा जिंकले आणि खुशीत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टिपण सादर केले. चाकाचा उगम अतिप्राचीन असून एका राजाने कुरकुरणाऱ्या सैनिकांना त्यांचीच ढाल फिरवायला देऊन गप्प केले होते, असे त्यात बिनदिक्कत ठोकून दिले. साहेबांनी कधी नव्हे ती तत्काळ मंजुरी दिली. चाकाला बारा घरे पाडली. अकरांवर ‘पुढच्या सोमवारी या’, एकावर ‘मंजूर’. साठा शिल्लक राहावा म्हणून ‘मंजूर’चे घर करंगळीएवढे ठेवले.

तक्रारी बंद झाल्या. रांग रस्त्यापर्यंत गेली. धडधाकट कानांचे लोकही अर्ज भरू लागले.

रांगेत हेडक्लार्कांची आईही असे. वशिल्याचा बोभाटा नको म्हणून मुलाने तिचा अर्ज गठ्ठ्यात सर्वांत खाली ठेवला होता. पूर्वी ती रोज त्याच्या नावाने खडे फोडी. आता दर सोमवारी ठेवणीतले कपडे घालून जाई आणि हुकल्याचे कौतुक रात्रीपर्यंत सांगे.

एका संध्याकाळी नुकती बोलू लागलेली नात पाठीमागून पहिल्यांदाच “आजी” म्हणाली. पुन्हा म्हणाली. आजी शेंगा सोलत राहिली. हेडक्लार्क दारातून पाहत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज उपसून काढला, सही ठोकली आणि यंत्र घरी आणून आईच्या कानात बसवले. कसे मिळाले, असे तिने विचारले. त्यांनी सांगितले.

“नुसती सही लागत होती?” आई म्हणाली. “आणि मी समजत होते, माझंच नशीब फुटकं.”

हेडक्लार्कना त्या रात्री जेवण गेले नाही.

सोमवारी त्यांनी चाक कपाटात कोंडले आणि पेन उघडून बसले. आज सगळ्यांना यंत्र मिळेल, असे खिडकीतून जाहीर केले. रांग भडकली. सही कसली देता, आमची फेरी द्या, म्हणून लोकांनी खिडकी हलवली. दहा मिनिटांत चाक परत बाहेर आले आणि सगळे शांत झाले.

आम्हीही होतो त्या रांगेत. कान आमचे ठणठणीत आहेत. खोटे वाटत असेल तर आठवून पाहा, तुमच्याच मागे उभे होतो.