काहीच न करण्याचा निर्णय

खराडीत नोकरी करणारे ऋषी आणि तनुजा हे दांपत्य येरवड्यातली एक मोडकळीला आलेली दुमजली इमारत भाडेकरूसकट विकत घ्यावी की नाही, या विचारात होतं. हेतू शुद्ध होता. इमारत दुरुस्त करायची, रिकाम्या खोल्या भाड्याने द्यायच्या आणि तळमजल्यावर बेचाळीस वर्षं राहणाऱ्या वेणूबाईंना सुखाने तिथेच राहू द्यायचं. हे त्यांनी मित्रमंडळींना सांगूनही टाकलं होतं, त्यामुळे हेतू बदलणं अवघड झालं होतं.

घरमालक शमशुद्दीन सत्तरी ओलांडलेले. वेणूबाईंच्या स्वयंपाकघरातल्या तुळईला त्यांनी स्वतः लोखंडी टेकू लावला होता. बाई त्याच्यावर टॉवेल वाळत घालत.

"इमारत वाईट नाही, थकली आहे," शमशुद्दीन म्हणाले. "मीही थकलोय. पावसाळ्याआधी बाईंची तुळई तेवढी बदला."

ऋषीने शब्द दिला. शब्द द्यायला परवानगी लागत नाही.

दुरुस्तीला लागते. संबंधित कार्यालयात कळलं की इमारत धोकादायक यादीत असल्यामुळे तिच्या दुरुस्तीला परवानगी देता येत नाही. यादीतून नाव काढायला इमारत सुरक्षित असल्याचा दाखला हवा, आणि तो दुरुस्तीनंतर मिळतो. टेबलामागच्या शर्मिला मॅडमनी हे इतक्या शांतपणे समजावलं की दोघांना ते क्षणभर पटलंही. तनुजाने रहिवाशांचं काय, असं विचारलं. मॅडमनी कागद चाळले.

"कुठले रहिवासी? आम्ही दरवर्षी नोटीस देतो. नोटिशीनंतर इमारत रिकामी धरतात."

मग ऋषीने बोलावलेले दिगंबर नावाचे इंजिनिअर आले. अर्धा तास त्यांनी तुळई ठोकून पाहिली. ते प्रामाणिक होते, म्हणून हळू आवाजात बोलले. दुरुस्ती केली तर इमारत पंचवीस वर्षं उभी राहील, आणि भाडेकरूही. नाही केली तर एखाद-दुसरा पावसाळा. नंतर मोकळी जागा, त्यावर सहा मजले.

"आपण काही वाईट करायचं नाही," ते म्हणाले. "काहीच करायचं नाही."

तनुजा दोन दिवस नीट जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आपण घेतली नाही, तर एखादा निष्ठुर माणूस ही इमारत घेईल आणि मुद्दाम पाडेल. आपल्या हातात निदान ती नैसर्गिकरीत्या पडेल. या विचाराने दोघांना हलकं वाटलं. एप्रिलमध्ये खरेदीखत झालं.

पेढे घेऊन ते वेणूबाईंकडे गेले. बाईंनी पेढा बाजूला ठेवून तुळईचं विचारलं. फाइल कार्यालयात आहे, असं ऋषीने सांगितलं.

"जाड आहे का?" वेणूबाई म्हणाल्या. "असली तर आणा. टेकूखाली सरकवू."

तनुजाने कळवळून त्यांना जपून राहायला सांगितलं.

"राहते की. हल्ली ताट घेऊन बाहेर पायरीवर बसते. तुम्हीच आत उभ्या आहात."

दोघं एकदमच बाहेर आले.

जुलैत ऋषी रोज सकाळी हवामानाचा अंदाज पाहू लागला. त्याला त्या म्हातारीची किती काळजी, असं ऑफिसात सगळे म्हणत. महिन्याच्या शेवटी, भर दुपारी, तुळई गेली. तिच्यामागून वरचा मजला. वेणूबाई पायरीवर भाकरी खात होत्या. ताट हातात घेऊन त्या रस्त्यावर आल्या. बातमी कळताच शमशुद्दीन मुलगी जिनतला घेऊन आले, आणि ऋषी-तनुजाकडे न पाहता बाईंना रिक्षात बसवून आपल्या घरी घेऊन गेले. तनुजा ढसाढसा रडली. ते रडणं खरं होतं.

आठवड्याभरात कार्यालयाचं पत्र आलं. इमारत आता उभी नसल्याने ती धोकादायक राहिलेली नाही. सबब तिचं नाव यादीतून वगळण्यात येत असून दुरुस्तीस हरकत नाही.

ही हकीकत ऋषी आणि तनुजा अजूनही चारचौघांत सांगतात. ऐकणारे हळहळतात, वेणूबाईंना बिचारी म्हणतात. मग थोडा वेळ शोभेल इतकं गप्प राहून, जागेसमोरचा रस्ता किती फुटी आहे ते विचारतात.

इमारतीचा पत्ता इथे मुद्दाम दिलेला नाही. येरवड्यात नेमकी कुठे, असं वाचता वाचता ज्यांच्या मनात येऊन गेलं, त्यांच्यासाठी एवढंच: दोन फ्लॅट अजून शिल्लक आहेत.