निळ्या पंख्यांचा डबा

थोरल्या ताईच्या पत्राला काकांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. 'माझा कॉम्प्युटर तापून बंद पडतो. तू गुप्तहेर ना? ये आणि बघ,' एवढंच तिनं लिहिलं होतं.

गुप्तहेर तर काका होतेच. स्वतःच्या मते पंचक्रोशीतले सर्वांत सूक्ष्म. हरवलेला चष्मा त्यांनी तीनदा शोधून काढला होता. तिन्ही वेळा तो कपाळावर सापडला, पण शोध तो शोध. तरीही पत्र वाचून त्यांना वाटलं, ताईसमोर फजिती झाली तर? म्हणून आधी घरच्याच कॉम्प्युटरवर हात साफ करायचं ठरलं.

काकांनी कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्याला भोकं पाडली, बाजूला काच लावली, निळ्या दिव्यांचे चार पंखे बसवले. जुन्या फटी विद्रूप दिसत, त्या काळ्या चिकटपट्टीनं बुजवल्या. डबा असा सजला की नवरदेवानं बाजूला उभं राहू नये.

पूर्वी तो दिवसभर चालायचा. आता अर्ध्या तासात तापून गप्प झाला.

"घातपात!" काका म्हणाले.

"चहा टाकू?" काकू म्हणाल्या.

पहिला संशय शेजारच्या मांजरावर. डब्याला टेकून झोपलेलं ते रंगेहाथ सापडलं. "ऊब चोरतंय!"

"चोरली असती तर डबा गार नसता का झाला?"

मांजर निर्दोष सुटलं. मग निळे दिवे. ते बंद केले, तर डबा अंधारात तापला. मग खालच्या मजल्यावरचा इस्त्रीवाला. "त्याची उष्णता जिना चढून येते."

"आणि माणसं सोडून नेमकी डब्यात शिरते?"

शेवटी संशयित एकच उरला. "मलाच अक्कल नाही," काका पुटपुटले. "ताईला कळवतो, दुसरा कोणी बघ."

काकू चालू डब्याची काच पुसत होत्या. फडकं पुढच्या पंख्याला चिकटलं. मागच्यालाही. वरच्या दोघांनाही.

"अहो, हे चारही हवा आत ओढतायत. बाहेर कोण टाकतंय?"

"सगळ्यांची देखणी बाजू बाहेर ठेवलीय," काका म्हणाले. "मागे नुसत्या काड्या आणि स्टिकर. चारचौघांत बरं दिसत नाही."

"चार पाहुणे आत घेतले आणि दाराला कडी लावली. घर तापणारच की!"

मागचा आणि वरचा एक, असे दोन पंखे उलटे बसवले. डबा दिवसभर गुणगुणत राहिला, गारेगार. मांजर नाराज होऊन निघून गेलं.

संध्याकाळी काकांनी लिहिलं, 'प्रकरण माझ्या लक्षात आलं आहे. येतो.' मग खोडून लिहिलं, 'प्रकरण तुझ्या भावजयीच्या लक्षात आलं आहे. दोघं येतो.'

आणि विचार बदलायच्या आत, डावी चप्पल उजव्या पायात घालून, पत्र पेटीत टाकून आले.