तिसऱ्या मजल्याचा पंप

सोमवारी व्हायवा होती आणि शुक्रवारच्या दुपारपर्यंत संघमित्राच्या डोक्यात एकही गोळी टिकत नव्हती. सकाळी पाठ केलेली बीपीची गोळी दुपारी शुगरला जाऊन बसायची, आणि शुगरची थेट थायरॉईडला. नर्सिंगचं हे शेवटचं वर्ष. मागच्या खेपेला व्हायवात 'पेशंटच्या अंगावर सूज आली तर काय द्याल?' असं विचारलं, तेव्हा हिच्या तोंडून 'धीर' असं उत्तर गेलं होतं. या वेळी नापास म्हणजे आणखी एक वर्ष पाण्यात. त्यातून तिच्या आईने, सुंदराबाईने, तळोज्याच्या कारखान्यातल्या कँटीनभर सांगून ठेवलं होतं की पोरगी आता सिस्टर झालीच म्हणून समजा. मागे फिरायची सोयच नव्हती.

रडत बसणाऱ्यांतली ती नव्हे. तिने युक्ती काढली. उलव्यातली त्यांची इमारत चार मजल्यांची. एकेका मजल्याला एकेक आजार वाटून टाकला, म्हणजे जिना चढता-उतरता उजळणी. पहिल्यावर बीपी, तिसऱ्यावर दमा, चौथ्यावर हृदय थकून अंगात पाणी साचणं. दुसऱ्यावर ती स्वतः राहायची, तिथे आजार ठेवायला मन धजेना. तो मजला निरोगी सोडला. युक्ती अशी लागू पडली की शनिवारी तिला झोपेतून उठवलं असतं तरी तिने चारही मजले डोसासकट म्हणून दाखवले असते. मग मैत्रिणींचंही भलं व्हावं म्हणून तिने सगळं थोडक्यात टाइप केलं आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकलं.

म्हणजे, टाकलं असं तिला वाटलं. वर्गाच्या ग्रुपचं नाव 'पास होणारच' आणि त्याच्या बरोबर खाली सोसायटीचा ग्रुप, 'पाणी आलं का'. बोट एक ओळ खाली पडलं.

त्या सोसायटीत गेले सहा महिने पाणी सोडून दुसरा विषय नव्हता. माणसं लग्नाच्या आमंत्रणातसुद्धा आधी पाण्याची वेळ शोधायची. अशा बेचाळीस तहानलेल्या जिवांनी वाचलं ते असं: 'पहिला मजला – प्रेशर हाय, एकदम बंद करू नये. दुसरा मजला – सगळं नॉर्मल. तिसरा मजला – पंप, सकाळ-संध्याकाळ. चौथा मजला – पाणी साचतं, सकाळीच काढून टाकावं.'

चौथ्या मजल्यावरच्या मालतीबाईंची बादली दिवाळीनंतर काठोकाठ भरली नव्हती. साचलेलं पाणी नेमकं कुठे आहे हे विचारायला त्या रिकामी बादली घेऊनच खाली उतरल्या. पहिल्या मजल्याने आमचं प्रेशर बंद करायचा डाव कोणाचा, म्हणून आरडाओरडा केला. दुसरा मजला एकटाच नॉर्मल कसा, अशी शंका तर सगळ्यांनाच आली. आणि तिसऱ्या मजल्यावरचे दिलीपराव एक अक्षर न बोलता ग्रुपमधून बाहेर पडले.

सेक्रेटरी रावसाहेब पूर्वी तलाठी होते. त्यांनी तासाभरात रविवारची मीटिंग लावली आणि 'सर्व्हे करणाऱ्याने जातीने हजर राहावे' असं फर्मान काढलं.

सुंदराबाई घाबरीघुबरी आत आली. "काय लिव्हलंस गं? समदी बिल्डिंग पुसायलीय, तू पाण्याचा सर्व्हे कवा केलास म्हणून."

"आई, मी फुरोसेमाइडची गोळी करतेय."

"ते बी कर. पण उद्या खाली चल."

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. संघमित्रा वही, दप्तर आणि ओठांवर पुटपुटणाऱ्या गोळ्या घेऊन आली. तिने उभं राहून एका दमात सांगितलं, की हे पाणी नाही, हे आजार आहेत. प्रेशर म्हणजे रक्तदाब, साचलेलं पाणी पायावरच्या सुजेतलं, आणि पंप म्हणजे दम्याच्या पेशंटने तोंडात मारायचा तो. माझी उद्या व्हायवा आहे, मला सोडा. लोक वरमले. रावसाहेबांनी मीटिंग संपल्याचं जाहीर करायला तोंड उघडलंसुद्धा होतं.

तेवढ्यात दिलीपरावांचा जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडला की माणसाला जरा जास्तच बोलावंसं वाटतं. ते म्हणाले, "बरोबर आहे पोरीचं. मलाच दमा आहे. पंप माझाच. सकाळ-संध्याकाळ."

संघमित्रा जागच्या जागी थांबली. दोन दिवस जिना झिजवून पाठ केलेला आजार साक्षात समोर उभा होता. अशी उजळणी कोण सोडतो? तिने विचारलं, पंप कोणत्या रंगाचा? दिलीपराव म्हणाले, राखाडी. एका वेळी किती? ते म्हणाले, अर्धा तास. ती दचकली. दप्तरातून तिने सरावाचा रिकामा पंप काढून त्यांच्या हातात दिला. दिलीपरावांनी तो अत्तराच्या फायासारखा कानाजवळ नेला.

"काका, तुमचा पंप ठेवता कुठे?"

"बाथरूमच्या माळ्यावर."

"आणि दम लागल्यावर शिडी लावून वर चढता?"

संघमित्राला वाटलं, हा माणूस एखाद्या दिवशी शिडीवरच जायचा. रावसाहेब 'राहू दे गं' म्हणत होते, आईने पदर दातांत धरला होता, पण ती ऐकेना. आधी पंप खाली आणायचा, मग दुसरं काही, म्हणत ती तिसऱ्या मजल्याकडे निघाली. मागून दिलीपराव, आणि दिलीपरावांच्या मागे अख्खी सोसायटी, मालतीबाईंच्या बादलीसकट.

माळ्यावर राखाडी रंगाची अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर होती, थेट सोसायटीच्या पाइपला जोडलेली. वरच्या मजल्याच्या वाटणीचं पाणी सकाळ-संध्याकाळ अर्धा तास ती ओढून घेत होती.

रावसाहेबांनी चष्मा पुसून बराच वेळ ती न्याहाळली. "दिलीपराव," ते म्हणाले, "डोस जरा जड वाटत नाही का?"

संध्याकाळी चौथ्या मजल्यावर इतक्या जोरात पाणी आलं की मालतीबाई नळाला घाबरून मागे सरल्या म्हणतात.

सोमवारी व्हायवाला राजनंदिनी मॅडम होत्या. त्यांच्यासमोरून मुली डोळे पुसतच बाहेर येत, अशी त्यांची ख्याती. संघमित्राने बीपी सांगितला, सूज सांगितली; पाणी काढायची गोळी सकाळीच का, रोज वजन का करायचं, पोटॅशियमकडे लक्ष का, सगळं धडाधड. मॅडमनी शेवटचा प्रश्न टाकला. दम्याचा पेशंट म्हणतो, पंप नियमित घेतो, तरी आराम नाही. काय कराल?

"आधी माझ्यासमोर वापरून दाखवायला लावीन."

"ठीक. आणि तरीही तुम्हाला शंका वाटली तर?"

"तर त्याच्या घरी जाऊन बाथरूमचा माळा बघीन."

शब्द सुटला तो सुटला. संघमित्राला समोर आणखी एक वर्ष आडवं पडलेलं दिसलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"सकाळपासून अडतीस मुलींना हाच प्रश्न विचारला," त्या म्हणाल्या. "सगळ्या डोस वाढवायला निघाल्या. पेशंटच्या घरी जाऊन बघते म्हणणारी तू पहिली." आणि त्यांनी वीसपैकी एकोणीस मार्क लिहिले. मग तिला थांबवून हळूच विचारलं, "पण माळाच का गं?"

संघमित्राने आता अगदी सिस्टरच्या शांतपणे उत्तर दिलं, "मॅडम, आमच्याकडचे पेशंट तिथेच लपवतात."